शाळेतील यंत्र आणि शिक्षकाची सिद्धता : १९६१ ते २०२०

१. विषयप्रवेश

शाळेत एखादे नवे साधन आले म्हणजे त्याची नोंद जडवस्तुसंग्रहाच्या वहीत होते. साधनाची संख्या, किंमत व खरेदीची तारीख ही सारी माहिती तेथे सापडते. त्या साधनामुळे शिक्षकाच्या अध्यापनात कोणता बदल घडला, याची नोंद ठेवण्याची वही मात्र कोणत्याही शाळेत नसते. परिणामी भारतातील शैक्षणिक तंत्रसाधनांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. अमुक वर्षी दूरचित्रवाणी आली, अमुक वर्षी संगणक आले, पुढे इंटरनेट आले, असा हा क्रम सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाकडे शिक्षकाच्या बाजूने पाहावयाचे आहे.

त्यासाठी शिक्षकाच्या सिद्धतेच्या तीन पायऱ्या प्रथम वेगळ्या करणे इष्ट होईल. पहिली पायरी म्हणजे यंत्र चालविता येणे. दुसरी म्हणजे आपला विषय शिकविण्यासाठी त्या यंत्राचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, हे ठरविता येणे. तिसरी म्हणजे स्वतः पाठसाहित्य निर्माण करणे, इतरांनी निर्माण केलेले साहित्य पारखणे आणि विद्यार्थ्यांनाही ती पारख शिकविणे. आज ज्याला 'डिजिटल साक्षरता' असे म्हटले जाते तिच्यात या तिन्ही पायऱ्यांचा समावेश होतो. तथापि शासकीय योजनांमध्ये तो शब्द बहुधा पहिल्या पायरीपुरताच वापरला गेला. या संकोचाचे परिणाम काय झाले आणि ज्या ठिकाणी तो टाळला गेला तेथे काय घडले, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

२. पूर्वपीठिका

साधन आणि शिक्षक यांचा हा संबंध संगणकाच्या काळात प्रथमच उद्भवला असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत धूळपाटी, उजळणी आणि मोडी कित्ते यांवर शिक्षण चालत असे. छापील पुस्तक हे त्या काळी वर्गातील अपरिचित साधन होते. १८२२ मध्ये मुंबईत ज्या मंडळीची स्थापना झाली आणि जी पुढे शाळा व शाळापुस्तके या दोन्ही कार्यांसाठी प्रसिद्धीस आली, तिने केवळ पुस्तके छापून ती गावोगाव धाडण्यावर समाधान मानले नाही. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली शिक्षकांना नव्या पद्धतीचे शिक्षण देण्यात आले आणि १८२६ च्या सुमारास त्यांना दक्षिणेतील व गुजरातेतील शाळांवर पाठविण्यात आले. पुस्तक आणि ते शिकविणारा माणूस ही दोन्ही एकाच योजनेची अंगे मानली गेली, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. दीड शतकानंतर यंत्रांच्या बाबतीत हा विवेक नेहमीच राहिला, असे म्हणता येत नाही.

३. पडद्यावरील पाठ : दिल्ली आणि 'साइट'

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९६१ रोजी, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी नियमित शालेय प्रसारणास आरंभ झाला. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांचे जाणते शिक्षक आणि सुसज्ज प्रयोगशाळा पुरेशा प्रमाणात उपलब्ध नव्हत्या. ही उणीव पडद्याच्या द्वारे भरून काढावी, हा त्यामागील हेतू होता. हेतू रास्त होता. परंतु त्यात एक गृहीत दडलेले होते. वर्गात उभा असलेला शिक्षक अपुरा आहे आणि दूर बसलेला उत्तम शिक्षक त्याची जागा काही मिनिटांपुरती घेऊ शकतो, असे ते गृहीत होते. पाठाची प्रस्तावना करणे आणि पाठानंतर शंकानिरसन करणे ही कामे वर्गशिक्षकाकडेच राहिली. पाठाचा विषय, त्याची गती व त्याची वेळ यांपैकी काहीही मात्र त्याच्या हाती राहिले नाही. शाळेचे वेळापत्रक प्रसारणाच्या वेळापत्रकास जुळवून घ्यावे लागे, हा या बदलाचा सर्वांत प्रत्यक्ष पुरावा होय.

यानंतरचा मोठा प्रयोग म्हणजे 'साइट' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपग्रहीय दूरचित्रवाणीचा उपक्रम. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट प्रसारण पोहोचविण्यात आले. महाराष्ट्राचा त्यात अंतर्भाव नव्हता. तारेच्या जाळीची सुमारे ३ मीटर व्यासाची अँटेना खेड्यातील शाळेजवळ वा सार्वजनिक जागेत उभी केली जाई. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास प्रौढांसाठी, हिंदी, तेलुगू, कन्नड व ओरिया या भाषांतून कार्यक्रम होत.

'साइट'ची आठवण बहुधा या सकाळच्या व सायंकाळच्या कार्यक्रमांमुळे केली जाते. शिक्षकांच्या दृष्टीने मात्र त्यातील एक वेगळा भाग अधिक महत्त्वाचा होता. शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात, १९७५ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्यात, प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाच्या अध्यापनाचे प्रत्येकी १२ दिवसांचे वर्ग घेण्यात आले. दोन्ही सत्रे मिळून सुमारे ४८,००० शिक्षकांनी त्यांचा लाभ घेतला. या वर्गांची रचना विचारपूर्वक केलेली होती. पडद्यावर प्रयोगाचे प्रात्यक्षिक होई. आकाशवाणीवरून स्पष्टीकरण केले जाई. हाती छापील मार्गदर्शिका असे. आणि त्यानंतर जमलेले शिक्षक, त्यांच्यातीलच एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, भोवतालच्या साध्या वस्तू घेऊन तो प्रयोग स्वतः करून पाहत. येथे यंत्राचा उपयोग शिक्षकाची जागा घेण्याकरिता झाला नाही. तो स्वतः शिकत असताना यंत्र त्याच्या मदतीस होते. उपग्रह परत गेल्यावर पडदा अंधारला, तरी करून पाहिलेला प्रयोग शिक्षकाजवळ उरला. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने 'साइट'चे खरे ऐतिहासिक मोल यात आहे.

मुलांवरील परिणामांच्या अभ्यासात भाषाविकास आणि माहिती मिळविण्याची उत्सुकता या बाबतींत अनुकूल फरक आढळला. शालेय विषयांतील प्रगतीत तसा ठळक फरक दिसला नाही. हा निष्कर्षही अपेक्षेस धरूनच आहे. पडद्यावर पाहिलेली गोष्ट कुतूहल जागे करते; त्या कुतूहलाचे विषयज्ञानात रूपांतर करण्याचे काम वर्गातच व्हावे लागते आणि त्यास लागणारा वेळ व मार्गदर्शन शिक्षकाकडूनच मिळू शकते.

४. संगणकाचा प्रवेश

१९८४-८५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालय व इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या सहकार्याने, 'क्लास' नावाची योजना सुरू केली. आरंभी २५० शाळा निवडण्यात आल्या. या शाळांना दिलेले संगणक 'बीबीसी मायक्रो' या नावाचे होते. त्यांचा पूर्वेतिहास येथे थोडा सांगावयास हवा. इंग्लंडमध्ये बीबीसी या प्रसारण संस्थेने सामान्य नागरिकास संगणकाची ओळख करून देण्यासाठी एक व्यापक उपक्रम आखला होता. १९८२ च्या जानेवारीत त्यासंबंधीची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि तिच्या जोडीने वापरता यावा म्हणून एकॉर्न या कंपनीने हा संगणक तयार केला. मालिका, पुस्तक व यंत्र असा तो त्रिवेणी उपक्रम होता आणि तेथील घराघरांची भाषा, तेथील अभ्यासक्रम व तेथील विजेचा अखंड पुरवठा ही त्याची अदृश्य अंगे होती. भारतात आले ते प्रामुख्याने यंत्र. त्याच्यासोबतची पाठसामग्री इंग्रजीत होती आणि तिचा येथील पाठ्यक्रमाशी संबंध दूरचा होता.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद योजनेत मुळीच नव्हती, असे नाही. त्यासाठी तंत्रविद्येच्या व शिक्षणाच्या नामवंत संस्थांत साधनकेंद्रे नेमली होती आणि प्रत्येक शाळेतील मोजक्या शिक्षकांना तेथे काही आठवड्यांचे शिक्षण मिळे. परंतु हे शिक्षण बहुतांशी पहिल्या पायरीचे, म्हणजे यंत्रपरिचयाचे होते. ३२ किलोबाइट स्मृतीच्या त्या यंत्राच्या साहाय्याने इतिहासाच्या वा भूगोलाच्या शिक्षकाने आपल्या तासिकेत काय करावे, या प्रश्नाचे उत्तर केंद्रावरून परतलेल्या शिक्षकाजवळ नसे. त्यातून एक नवीच व्यवस्था रूढ झाली. संगणकासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र तासिका आणि स्वतंत्र शिक्षक. खोलीस कुलूप, यंत्रावर आच्छादन आणि पादत्राणे बाहेर काढून प्रवेश, हे दृश्य त्या काळी शिकलेल्या पुष्कळांच्या स्मरणात असेल. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की ती खोली बहुधा बंद पडे.

पुढे या योजनेचा विस्तार झाला. आठव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत २,५९८ शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले होते आणि त्याच काळात आणखी २,३७१ शाळांना अधिक नव्या जातीचे संगणक मिळाले. डिसेंबर २००४ मध्ये 'आयसीटी ॲट स्कूल' ही नवी योजना आली. तिच्या अंमलबजावणीत अनेक राज्यांनी एक सोपा मार्ग पत्करला. खाजगी कंपनीने संगणककक्ष उभारावा, काही वर्षे चालवावा, शिकविणारा माणूसही तिनेच नेमावा आणि मुदत संपल्यावर कक्ष शाळेच्या स्वाधीन करावा, असा तो करार असे. यंत्रे वेळेवर बसविण्याच्या दृष्टीने ही रीत सोयीची होती. परंतु शाळेतील नेहमीचे शिक्षक या साऱ्या व्यवहारापासून दूर राहिले. कंपनीने नेमलेला तरुण मुदत संपताच निघून जाई आणि त्याच्याबरोबर शाळेत जमलेले ज्ञानही जाई. यंत्र शाळेचे झाले, पण त्याविषयीचे ज्ञान शाळेचे झाले नाही, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल.

५. केरळचा मार्ग

याच काळात केरळ राज्याने निराळी वाट धरली. शास्त्रज्ञ उ. रा. राव यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींच्या आधारे २००१ मध्ये तेथे 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की प्रशिक्षक बाहेरून आणण्यात आले नाहीत. निरनिराळे विषय शिकविणाऱ्या कार्यरत शिक्षकांतूनच प्रमुख प्रशिक्षक निवडण्यात आले, त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील इतर शिक्षकांना शिकविले आणि प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे माहिती-तंत्रज्ञानाच्या संयोजकाचे काम सोपविण्यात आले. संगणककक्षाची जबाबदारी याप्रमाणे शाळेच्या आतच राहिली.

दुसरा निर्णय आज्ञावलींसंबंधीचा होता. आरंभीच्या काही वर्षांनंतर केरळने शाळांसाठी मुक्त आज्ञावली स्वीकारल्या. या निर्णयामुळे खर्च वाचला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचा परिणाम असा झाला की शाळेत वापरावयाच्या प्रणालीत फेरफार करणे, तीत मल्याळम भाषा आणणे आणि शिक्षकांच्या सूचनांनुसार तिची नवी आवृत्ती काढणे शक्य झाले. शिक्षक नुसता ग्राहक न राहता त्या साधनाच्या घडणीत सहभागी झाला.

या सहभागाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात २००१ च्या सुमारास विद्यापीठीय प्रबंधाच्या निमित्ताने तयार केलेली 'जिओजेब्रा' ही भूमितीची आज्ञावली केरळच्या शाळांत वापरात आली. फळ्यावर काढलेला त्रिकोण स्थिर असतो. त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश आहे, हे विद्यार्थी एका आकृतीवरून मान्य करतो. जिओजेब्रात काढलेल्या त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून ओढला असता कोन सतत बदलतात आणि बेरीज मात्र बदलत नाही. आता या क्षणी शिक्षकाने काय करावे, हा खरा अध्यापनशास्त्रीय प्रश्न आहे. 'पाहा, बेरीज कायम राहिली' असे सांगून तो पुढे गेला तर पडद्याने केवळ फळ्याची जागा घेतली असे होईल. 'सर्व त्रिकोणांत असेच होईल हे कशावरून? आपण तर काही थोडेच त्रिकोण पाहिले' असा प्रश्न त्याने विचारला तर वर्ग निरीक्षणाकडून सिद्धतेकडे वळतो. यंत्र दोन्ही प्रसंगी तेच असते. फरक पडतो तो शिक्षकाच्या विषयज्ञानामुळे. म्हणूनच गणिताच्या शिक्षकाचे प्रशिक्षण गणिताच्या शिक्षकाने करावे, या केरळच्या धोरणास विशेष अर्थ होता.

२००५ मध्ये दहावीच्या परीक्षेत या विषयाच्या प्रात्यक्षिकाचा समावेश झाला. २००९ मध्ये 'स्कूल विकी' हा उपक्रम सुरू होऊन शाळाशाळांतील शिक्षक व विद्यार्थी आपल्या शाळेची, गावाची व परिसराची माहिती मल्याळममध्ये लिहू लागले. येथे सिद्धतेची तिसरी पायरी स्पष्टपणे दिसते. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' नावाच्या शासकीय कंपनीत रूपांतर झाले आणि २०२२ मध्ये पाचवी ते दहावीच्या १९ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना खोट्या बातम्या ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. एवढ्या मोठ्या संख्येस हा विषय शिकविता आला, याचे कारण वीस वर्षांपासून शाळांत तयार होत आलेला शिक्षकवर्ग होय. बंगळूरच्या 'आयटी फॉर चेंज' या संस्थेने २००९ च्या सुमारास कंत्राटी व अंतर्गत अशा दोन पद्धतींची तुलना केली, तेव्हा तिचाही कौल केरळच्या बाजूने पडला.

केरळच्या यशाचे सारे श्रेय या एका धोरणास देणे अर्थातच योग्य होणार नाही. साक्षरतेचे मोठे प्रमाण, दाट वस्तीमुळे सुलभ झालेला वीज व दूरध्वनीचा पुरवठा आणि शाळांविषयी समाजात असलेली आस्था यांचाही त्यात वाटा होता. परंतु सुस्थितीतील इतर राज्यांनाही यंत्रे असूनही असे फळ मिळाले नाही, हे पाहता धोरणाचे महत्त्व नाकारता येत नाही.

६. महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात या क्षेत्रातील पहिली उल्लेखनीय संस्था म्हणजे पुणे येथील 'बालचित्रवाणी'. इन्सॅट उपग्रहाच्या काळात, १९८४ मध्ये, ती स्थापन झाली आणि दूरदर्शनवरील तिच्या मराठी शैक्षणिक कार्यक्रमांनी मुलांच्या एका पिढीस शाळेबाहेरचे जग दाखविले. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना होऊन 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. शासकीय सेवकांस संगणक-अर्हता आवश्यक करण्यात आल्यामुळे शिक्षकही मोठ्या संख्येने या परीक्षेस बसले. संगणकाचे भय त्यामुळे पुष्कळ कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. तथापि हा अभ्यासक्रम सर्वसामान्य नागरिकांसाठी होता. प्राथमिक शाळेतील वाचन वा गणन यांच्याशी त्याचा संबंध जोडण्याचे काम ज्याचे त्याच्यावर राहिले. आणि परीक्षा वेतनवाढीशी निगडित झाल्याने अनेकांच्या लेखी प्रमाणपत्र हेच साध्य ठरले.

मराठी शिक्षकापुढे आणखी एक अडचण होती व ती लिपीची होती. देवनागरीचा कळफलक व संकेतन यांसंबंधीची राष्ट्रीय मानके १९९१ पर्यंत सिद्ध झाली होती आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. व्यवहारात मात्र पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या परस्परविसंगत टंकांचा वापर चालू राहिला. एका संगणकावर टंकलिखित केलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा पुंजका होऊन प्रकट होई. असे साहित्य महाजालावर शोधता येत नसे आणि दुसऱ्या शिक्षकास त्यात दुरुस्तीही करता येत नसे. मराठीतील 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडले. शिक्षकांनी साहित्याची देवघेव करावी, ही अपेक्षा लिपीचा हा प्रश्न सुटल्यावाचून फलद्रूप होणे शक्य नव्हते. पुढे स्वस्त भ्रमणध्वनीवर युनिकोड मराठी सहज लिहिता येऊ लागली, तेव्हा जिल्हा परिषदांच्या शाळांतील शिक्षकांनी स्वतःचे पाठ, स्वाध्याय व चित्रफिती तयार करून प्रसृत करण्यास जो उत्साह दाखविला, त्यावरून दीर्घकाळ काय अडले होते हे कळून येते.

याच सुमारास ग्रामीण भागात लोकवर्गणीतून 'डिजिटल शाळा' उभ्या राहू लागल्या. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा त्यांत प्रथम गाजली. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यावर या चळवळीस वेग आला. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील शाळेचे उदाहरण अधिक सूक्ष्मपणे पाहण्याजोगे आहे. रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये तेथे शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील मुलांपैकी पुष्कळांची घरची भाषा कन्नड असल्याचे ध्यानात येताच त्यांनी ती भाषा शिकून घेतली, पाठ्यपुस्तकांतील मजकूर मुलांना समजेल अशा भाषेत आणला आणि पुस्तकात 'क्यूआर कोड' छापून त्याद्वारे कविता, गोष्टी व चित्रफिती उपलब्ध करून दिल्या. क्यूआर कोड हा १९९४ मध्ये जपानमधील एका कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निर्माण केलेला चौकोनी संकेत होय. कारखान्यातील ही युक्ती शाळेच्या पुस्तकात आणण्याची कल्पना एका प्राथमिक शिक्षकास वर्गातील गरजेतून सुचली. पुढे बालभारतीच्या व राष्ट्रीय परिषदेच्या पाठ्यपुस्तकांतही हे संकेत आले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार जाहीर झाला व त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिली.

या घटनेचा एक अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही. परितेवाडीत क्यूआर कोड हा तिसऱ्या पायरीवरील शिक्षकाचा उपाय होता. त्यामागे मुलांची भाषा शिकण्याचे परिश्रम होते. राज्यभरच्या पुस्तकांत तोच संकेत छापून आला तेव्हा इतर शिक्षकांच्या हाती आले ते तयार साहित्य. ते कोणत्या मुलास, केव्हा आणि किती दाखवावे, याचा निर्णय पुन्हा प्रत्येक शिक्षकावरच येऊन पडला. युक्तीचा प्रसार एका शासननिर्णयाने होऊ शकतो. ती युक्ती ज्या वृत्तीतून जन्मास आली तिचा प्रसार तितक्या सहजतेने होत नाही.

७. २०२० ची कसोटी

५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने 'दीक्षा' हे शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू केले होते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जे काम आजवर ऐच्छिक होते ते रातोरात अनिवार्य झाले. केरळात १ जूनपासून दूरचित्रवाणीवर 'फर्स्ट बेल' हे वर्ग सुरू झाले. महाराष्ट्रात २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखविली जाऊ लागली. १९६१ च्या दिल्लीप्रमाणे पुन्हा एकदा पडद्याचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. महाजाल पोहोचले नव्हते तेथे दूरचित्रवाणी पोहोचली होती.

'असर' या सर्वेक्षणाच्या २०२० मधील अहवालानुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. तथापि सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच होते. घरात साधन असणे आणि त्या साधनातून शिक्षण पोहोचणे यांतील अंतर या दोन आकड्यांवरून मोजता येते. ते अंतर केवळ शिक्षकाच्या असिद्धतेमुळे पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरातील एकमेव भ्रमणध्वनी दिवसभर कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात असे, डोंगराळ पाड्यांवर संकेत मिळत नसत आणि 'डेटा'चा खर्च परवडत नसे. परंतु या अडचणींतून वाट काढली ती अनेक ठिकाणी शिक्षकांनीच. ज्यांना केवळ यंत्र चालविता येत होते त्यांनी आलेल्या चित्रफिती पुढे धाडल्या. ज्यांना साधनाची मर्यादा ठाऊक होती त्यांनी काही घरी फोन केला, काही ठिकाणी छापील स्वाध्याय दिले आणि शक्य तेथे गल्लीत वा झाडाखाली पाच-सहा मुले जमवून शिकविले. साधन केव्हा बाजूला ठेवावे हे समजणे हाही डिजिटल साक्षरतेचाच भाग आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. यंत्र शाळेत पोहोचविण्याचे काम वेळापत्रक आखून करता येते, म्हणून शासकीय योजनांचा भर नेहमी त्यावर राहिला. शिक्षकाची सिद्धता सावकाश घडते, तिची मोजदाद कठीण असते आणि तिचे श्रेय कोणत्याही एका वर्षाच्या अहवालात दाखविता येत नाही, म्हणून ती मागे पडली. 'साइट'च्या विज्ञानवर्गांत आणि केरळच्या प्रकल्पात हा क्रम बदलला. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने शिक्षकास शिकविले, विषय सोडून यंत्र शिकविले गेले नाही आणि स्वतः करून पाहण्यास वाव मिळाला. १८२६ मध्ये पुस्तकाबरोबर शिक्षकही तयार करून पाठविणाऱ्या मंडळींस जे उमगले होते, त्याचाच हा नवा प्रत्यय होय.

२०२३-२४ च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते व ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. उरलेल्या शाळांत ही साधने पोहोचावयास हवीत, याविषयी दुमत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते ५० तास पुन्हा पहिल्याच पायरीवर, दूरच्या पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र मिळविण्यात खर्च होतात, की शेजारच्या शाळेतील आपल्याच विषयाच्या शिक्षकाबरोबर एखादा पाठ रचून, वर्गात घेऊन आणि सुधारून घालविले जातात, यावर पुढील इतिहास अवलंबून राहील. विद्यार्थ्याच्या हाती आज माहितीचे अमर्याद भांडार आहे. त्यातील खरे-खोटे पारखण्याची सवय त्याला लावावयाची तर ती पारख आधी शिक्षकाजवळ असावी लागेल. जडवस्तुसंग्रहाच्या वहीत तिची नोंद होणार नाही. शाळेत यंत्र खऱ्या अर्थाने आले की नाही, याचा निर्णय मात्र तिच्यावरूनच करावा लागेल.